पाठीला लागलेली माती

अप्पा,

परवा सकाळी मी तुमच्या गरडीत गेले. दाराबाहेर चपला काढल्या, उंबरा ओलांडला, हौद्यात उतरले आणि लाल मातीत पाठ टेकून आडवी झाले. दोन्ही खांदे टेकले. सात-आठ माणसांच्या देखत. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालायच्या आधी मीच सांगते, कारण तुमचे जे दोन-चार पठ्ठे एव्हाना तिकडे तुमच्यापाशी पोचलेत त्यांची तोंडं मला ठाऊक आहेत, राईचा पर्वत करतील. तेव्हा आधी नीट ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा. तुम्ही जाऊन एकेचाळीस वर्षं झाली. तुम्ही सत्तावन्नाव्या वर्षी गेलात, मी आता एकोणसत्तरची आहे, म्हणजे बारा वर्षांनी मी तुमच्याहून मोठी. वडीलधाऱ्या बाईचं ऐकायला लागेल तुम्हाला.

गरडी अजून आहे तशीच आहे. म्हैसुरात जन्म गेला म्हणून आपण गरडीच म्हणणार. महाराष्ट्रातून नोकरीला आलेले कुवेंपुनगरातले माझे शेजारी तिला तालीम म्हणतात आणि माझं कानडीत भिजलेलं मराठी ऐकून गालात हसतात. हसू देत. तेच बुटकं दार, माणसानं वाकूनच आत शिरावं असं. कोनाड्यातला मारुती, भिंतीला टेकवलेली फावडी, आणि मधोमध तो हौदा. त्या मातीचा वास अजून रस्त्यापर्यंत येतो. वारुळाची ती माती तुम्ही बेट्टदपुरच्या डोंगराखालून आणवायचात, आणि चाळणीनं तीन-तीन वेळा चाळून घ्यायचात. मग तिच्यात काय काय जायचं ते माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून मीच कुटायची. हळद, तिळाचं तेल, कापूर. ताक आई घुसळायची आणि मी कळशी कमरेवर घेऊन गरडीपर्यंत न्यायची. गरडीपर्यंत म्हणजे उंबऱ्यापर्यंत. कळशी उंबऱ्यावर ठेवायची, आतून एक हात यायचा, कळशी आत जायची. पाहुण्याचं ताट वाढून स्वयंपाकघरात उभं राहावं तशी मी बाहेर उभी.

नऊ वर्षांची असताना कळशीवरची वाटी निसटली, घरंगळत आत गेली आणि हौद्यात पडली. सगळे पठ्ठे मागच्या विहिरीवर होते. मी आत गेले आणि वाटी उचलायला एक पाय हौद्यात टाकला. डावा. माती गार होती, आणि पिठात पाय पडावा तशी मऊ. वर बघितलं तर तुम्ही दारात. तुम्ही मारलं नाहीत. ओरडलाही नाहीत. पठ्ठ्यांना हाक मारलीत आणि म्हणालात, "बाईच्या पायानं माती थंड पडते. खणा." मग त्यांनी अख्खा हौदा खणला, कमरेइतका. वरची माती खाली, खालची वर. त्या सगळ्यांत हडकुळा एक पंधरा वर्षांचा पठ्ठा होता, तुम्ही त्याला जोर-बैठकांपेक्षा खणायलाच जास्त लावायचात, त्याच्या तळहाताला फोड आले. मग पूजा, मग नारळ. दुपारभर मी बाहेर पायरीवर बसून फावड्यांचा आवाज ऐकत होते. माझं पाऊल तेव्हा केवढं असेल, वीतभर. वीतभर पावलासाठी एवढं खणावं लागतं म्हणजे त्या पावलात काय असेल बरं, असा विचार मी तेव्हा केला होता. तुम्हाला वाटलं, पोर खाली मान घालून रडतेय. मी माझा पाय बघत होते.

तुमचा दुसरा नेम घरातला. पाठ जमिनीला लावायची नाही. कुस्तीत ठीक आहे, तिथं पाठ लागली की संपलं. पण तुम्ही घरातही कधी उताणे झोपला नाहीत. डाव्या कुशीवर झोपायचं आणि मागे घोंगडीची वळकटी, झोपेत चुकून पाठ वळू नये म्हणून. टायफॉइड झाला तेव्हाही वळकटी सुटली नाही. डॉक्टर म्हणाले उताणं झोपा, पोट तपासायचंय; तुम्ही उभ्यानं तपासून घेतलंत. आई म्हणायची, यांच्या पाठीला जमिनीचं वावडं आहे, जसं कुणाला वांग्याचं असतं.

आणि मग तो दसरा. मी अकरा वर्षांची होते. दसऱ्याच्या कुस्त्यांना बायका जात नसत, पण मामा मला खांद्यावर घेऊन गेले, पोर आहे म्हणून कुणी अडवलं नाही. तुम्ही चाळिशीचे, समोरचा पंचविशीचा. वीस मिनिटं तुम्ही त्याला हलू दिलं नाहीत. मग त्यानं पट काढला आणि तुम्ही पडलात, उताणे. लोकांनी जो आवाज केला तो मला आठवत नाही, एवढंच आठवतं की मामांचे खांदे माझ्याखाली एकदम ढिले झाले. घरी आलात. आईनं पाठ पुसायला पंचा घेतला, तो तुम्ही हातातून ओढून घेतलात. दोन दिवसांनी, मी एकटी तांदूळ निवडत होते तेव्हा, तुम्ही माझ्यापुढे उकिडवे बसलात आणि विचारलंत, "तू तिथं होतीस म्हणे. पाहिलंस का?" मी म्हटलं, "नाही अप्पा, ऊन डोळ्यांवर आलं होतं." तुम्ही मान हलवलीत. त्या आठवड्यात तुम्ही पेटी उघडून जिंकलेले सगळे फेटे माझ्यापुढे टाकलेत, तांबडे, केशरी, जरीकाठाचे, आणि म्हणालात, "काप. शीव काहीतरी." त्या फेट्यांवर मी शिवण शिकले. कुणी शिकवलं नाही. उसवून बघितलं, परत शिवलं, परत उसवलं. पुढे नवरा गेल्यावर त्याच हातांनी घर चाललं, आणि पन्नास वर्षं या शहरातल्या बायकांचे ब्लाउज शिवून मला एक गोष्ट कळली आहे की कुणाचेही दोन खांदे सारखे नसतात. तुमचाही उजवा अर्ध्या बोटानं खाली होता.

आता त्या जपानी बाईबद्दल सांगते, कारण तुम्ही म्हणणार की या वयात हिच्या डोक्यात हे कुणी भरवलं. कुणी भरवलं नाही. ती आमच्या गल्लीत भाड्यानं राहते, पन्नाशीची आहे. आधी योगासनं शिकायला म्हैसूरला आली, सगळे परदेशी येतात तशी, आणि मग राहिली. पायजमा घट्ट होतो म्हणून माझ्याकडे आली. मी जमिनीवर उकिडवी बसून कापड बेतत होते. ती पायजमा विसरली आणि माझ्याकडे बघतच बसली, गुडघे, टाचा, पाऊल कसं टेकलंय ते. माझी नात कॉलेजात जाते, तिला मराठी येतं ते जेवायला वाढ म्हणण्यापुरतं, पण इंग्रजी फाडफाड. तिनं सांगितलं, "अज्जी, ती म्हणते, असं बसायला तिच्या स्टुडंट्सना दोन वर्षं लागतात." मी म्हटलं, तिला सांग, मला एकोणसत्तर लागली.

ती नाच शिकवते. बुतो म्हणतात त्याला. आपल्या डोळ्यासमोर नाच म्हटलं की जे येतं, घुंगरू, हस्तमुद्रा, ताठ पाठ, त्यातलं यात काही नाही. जपानात मोठं युद्ध झालं, शहरं जळून गेली, त्यानंतर काही वर्षांनी तिथल्या लोकांनी हा काढला. त्यांच्यातले काही थंड मुलखातले, भातखाचरांत चिखलात रुतून मोठे झालेले, पाय वाकडे, पाठ वाकडी. ते म्हणाले, इतर नाच वर उडतात, आपला खाली जाईल. मातीकडे. पांढरी पावडर अंगाला फासून, डोळे अर्धे मिटून, इतकं सावकाश हलतात की बघणाऱ्याला वाटावं, काही होतच नाहीये. नात म्हणाली, तुला बोअर होईल. मी बघायला म्हणून गेले, आणि दहा दिवसांचा तिचा वर्ग होता त्यात बसलेच. सगळी तिशीच्या आतबाहेरची. मला बघून त्यांनी खुर्ची आणली. ती खुर्ची दहा दिवस रिकामी होती.

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, उजव्या हातावर एक किडा चढतोय. नुसता एक. मग मानेवर दुसरा. मग पोटरीवर, मग कातडीच्या आत, मग हाडांपर्यंत, आणि शेवटी तुमचं काही उरत नाही, नुसते किडे हलताहेत. ती पोरं वळवळत होती, काहीजण घाबरली, एक मुलगी रडली. मला वाटलं, अगं, रोज रात्री गुडघ्यात जे चालतं ते हेच की. माझा हात आपोआप हलायला लागला. दुसऱ्या दिवशी राखेसारखं चालायला सांगितलं, म्हणजे अंग सगळं जळून गेलंय, आकार तेवढा उरलाय, जरा धक्का लागला की ढासळेल. ते मला जमलं नाही. मी राखेसारखी चालत नाही, मी दळण आणायला निघाल्यासारखी चालते. ती हसली आणि म्हणाली, मग दळण आणा.

पाचव्या दिवशी आम्ही बेट्टदपुरला गेलो. अप्पा, त्या पायऱ्या. माती न्यायला यायचो तेव्हा तुम्ही पठ्ठ्यांना पहाटे पळत वर न्यायचात आणि मी मागून ताकाची कळशी घेऊन, धापा टाकत. तेव्हा डोंगर म्हणजे मला वर पोचायची कटकट होती. यावेळी ती आम्हाला अर्ध्यात थांबवून बाजूच्या उघड्या खडकावर घेऊन गेली आणि म्हणाली, झोपा. डोंगर करून दाखवायचा नाही. डोंगर अंगात येईस्तोवर थांबायचं. मी नातीला म्हटलं, हिला सांग, अंगात यायची भानगड आम्हाला नवी नाही, आमच्या शेजारणीच्या अंगात येतं, दर अमावास्येला. नातीनं काय सांगितलं कोण जाणे, पण बाई गंभीर झाली. म्हणाली, ते येतं आणि माणसाला वाहून नेतं. इथं तुम्ही जागे राहायचं. डोंगराला जागा करून द्यायची आणि आपण कोपऱ्यात बसून बघायचं. मी झोपले. उताणी. खडक सकाळच्या उन्हानं कोमट झाला होता. आधी मणक्याचा एकेक मणी त्याला टोचला, मग टोचेनासा झाला. वारा पायाकडून यायचा आणि हनुवटीपाशी वळायचा. घटकाभरानं मला माझी पाठ कुठं संपते आणि खडक कुठं सुरू होतो ते सांगता आलं नसतं. आणि तेव्हा मला तुमची वळकटी आठवली. मनात म्हटलं, या माणसानं आयुष्यभर काय गमावलं.

आठव्या दिवशी तिनं काम दिलं. म्हणाली, प्रत्येकानं अशी जमीन शोधा जिनं तुम्हाला नाकारलंय. तिथं जा आणि ती तुम्हाला घेते का बघा, किंवा तुम्ही तिला. कुणी तळ्याचा बांध म्हणालं, एकानं शाळेचं मैदान सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा नातीला सांगायलाही लागलं नाही. मी इंग्रजीतच सांगितलं, "माय फादर्स मड." मला तेवढंच येत होतं आणि तेवढंच पुरे होतं.

किल्ली आता त्या हडकुळ्याकडे आहे. ज्याचे हात फुटले होते, तोच. पंचाहत्तरचा आहे, अजून हडकुळा, दसऱ्याच्या कुस्त्यांत कितीतरी वर्षं पंच होता. रोज संध्याकाळी दिवा लावतो. पठ्ठे म्हणाल तर तीन उरलेत, तेही रविवारी. पुढच्या महिन्यात माती काढून तिथं रबराची मॅट घालणार आहेत, स्पर्धा आता मॅटवरच होतात म्हणे. मी त्याला सरळ विचारलं. त्याचं बोलणं अर्धं कानडी, अर्धं आपल्या घरात खाऊन-पिऊन शिकलेलं मराठी. तो दिव्याची वात नीट करत बसला. मग म्हणाला, "अक्का, बेडा." नको. मी म्हटलं, कारण सांग. म्हणाला, "तुझ्या एका पायापायी मी दुपारभर खणलं. आता अख्खी उतरते म्हणतेस."

मला हसू आलं आणि त्यालाही आलं, पण तो मान हलवतच राहिला. म्हणाला, वस्ताद असते तर? मी म्हटलं, "वस्ताद असते तर माझी छाती झाली नसती. नाहीत म्हणूनच विचारते." हे खरं आहे अप्पा, तुमच्याशी कशाला खोटं बोलू. मग मी त्याला विचारलं की त्या मातीत ताक कुणाचं, पाला कुणी कुटलेला, तुझ्या लंगोटाची दुहेरी शिवण कुणी घातली होती जी तेरा वर्षं उसवली नाही? बाईच्या पायानं माती थंड पडते, आणि बाईच्या हातानं? हात चालतो आणि पाय चालत नाही, हा कुठला न्याय? पुढच्या महिन्यात तुम्हीच ती माती ट्रॅक्टरनं उचलून कुठंतरी खड्ड्यात टाकणार, तिच्यावरून म्हशी जातील. म्हशीचा पाय चालेल. तो मारुतीकडे बघत होता, तो तरी काही बोलेल म्हणून. शेवटी म्हणाला, सोमवारी सकाळी ये. पण मी बघणार नाही. पाठ करून बसेन.

तर परवा सोमवारी. पावडर मी फासून घेतली नाही. बाईला सांगितलं, केस पांढरे आहेत तेवढं पुरे, आणखी रांगोळी चेहऱ्यावर कशाला. अंगात सैल पायजमा आणि सदरा, तुमच्या शेवटच्या फेट्यातून शिवलेला. केशरी, काठ काढलेला. तो एकच मी इतकी वर्षं कापला नव्हता. बाई, तिच्या वर्गातली पाच पोरं, माझी नात, असे सगळे भिंतीला लागून बसले. तुमचा पठ्ठा कोनाड्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ, मांडी घालून बसला. मी हौद्याच्या कडेवर उभी राहिले. मग डावा पाय टाकला. मुद्दाम डावा. माती तशीच गार, पिठासारखी. थंड पडायला आधी ती गरम कुठं असते हो अप्पा? माती गारच असते.

मी ठरवलं होतं की मी पडणार. पण तुम्ही पापणी लवायच्या आत पडलात, मी त्याला अर्धा तास देणार. बाई म्हणायची, अंगात दुसऱ्याचं अंग घेता येतं, त्याला जागा केली तर. मी आधी तुमचा खांदा घेतला, उजवा, अर्धं बोट खाली. मग मान. मग पंचवीस वर्षांच्या बैठकांनी जड झालेल्या मांड्या. मग त्या पंचविशीच्या पोराचे हात माझ्या पोटऱ्यांभोवती. सावकाश गुडघे सुटत गेले, कंबर मागे गेली, एक हात मातीला लागला आणि मातीनं तो धरला. मग डावा खांदा टेकला. उजवा वर राहिला, दोन-तीन बोटं. तो मी खाली नेत नव्हते आणि वर धरतही नव्हते. बाहेर कुठंतरी रिक्षा वळली. मला नुसतं वर दिसत होतं, कौलांतली ती काच, तिच्यातून येणारा उजेड, आणि त्या उजेडात माझ्याच अंगाची उडालेली माती.

इतका वेळ शांतता म्हटल्यावर तुमच्या पठ्ठ्याला राहवलं नाही. आधी त्यानं मान वळवली. मग उठून कडेवर आला. आणि एक खांदा टेकलेला, दुसरा वर, हे बघितल्यावर त्याच्यातला पंच जागा झाला असणार. हे मला नंतर नातीनं सांगितलं, मी बघत नव्हते. तो हौद्यात उतरला, पंचाहत्तरचा माणूस माझ्या बाजूला पोटावर आडवा झाला, गाल मातीला लावला आणि एक डोळा मिटून माझ्या उजव्या खांद्याखालची फट बघू लागला. त्या पोरांना वाटलं हा नाचातलाच भाग आहे. बाईनं तर श्वास रोखला. चार मिनिटं तो तसाच होता आणि माझा खांदा केसाकेसानं खाली येत होता. टेकला. त्यानं हात मातीवर आपटला आणि अख्ख्या गरडीत घुमेल असं म्हणाला, "चीत!"

मग त्याच्या लक्षात आलं. तो उठून बसला, तोंडावर अर्धी लाल माती, आणि कसनुसा झाला. हळूच म्हणाला, "आयतु अक्का. एळी." झालं, उठा. इथं माणूस उठतो, अप्पा. पाठ लागली की हरला, आणि हरला की झटकन उठतो, मान खाली घालून, अंग झटकून. मी उठले नाही. मी म्हटलं, माझं अजून झालेलं नाही. आणि पडून राहिले. पाठीखालची माती आधी गार होती, मग माझ्याइतकी कोमट झाली. कडुलिंबाचा वास, कापराचा, आणि खाली कुठंतरी आंबलेल्या ताकाचा, आईच्या हातचा. तो वास इतकी वर्षं राहत नाही हे मला कळतं. आला पण. मला तेव्हा कुणी पाडलेलं नव्हतं आणि मी कुणाला पाडलेलं नव्हतं. माणसानं जन्मभर जिच्यावर पाय रोवायचे तिला एकदा पाठ का द्यायची नाही? शेवटी देतोच की. तुम्हाला तिरडीवर ठेवलं तेव्हा मी तुम्हाला घरात पहिल्यांदा उताणे पाहिलं. मला वाटलं होतं की तुम्ही आता कुशीवर वळाल. आईनं वळकटी हातात धरली होती, ठेवू का म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मी उठले ती माझ्या मनाला वाटलं तेव्हा. तुमचा पठ्ठा पंचा घेऊन माझी पाठ पुसायला आला, हरलेल्याची पाठ पुसतात तशी, मायेनं. मी म्हटलं राहू दे. मग त्यानं भिंतीचं फावडं उचललं. मी म्हटलं, खणतोस का? आता किती वेळ लागेल तुला? तो हौद्याकडे बघत उभा राहिला, जिथं माझ्या पाठीचा ठसा होता, खांद्यांचे दोन खळगे, उजवा जरा जास्त खोल. "सुम्ने इरी, अक्का," म्हणाला. गप्प बसा. आणि फावडं परत भिंतीला टेकवलं. रिक्षावाल्यानं मात्र सीटवर पेपर पसरल्याशिवाय मला बसू दिलं नाही. कुवेंपुनगरात उतरले तर शेजारीण म्हणाली, अगंबाई, पडलात की काय कुठं? मी म्हटलं, हो, पडले, फार छान पडले.

तर आता रागवा. म्हणा की पोरीनं गरडी बाटवली, वस्तादाचं नाव मातीत घातलं. नाव मातीतच होतं अप्पा, तुम्हीच घातलं होतंत, मी फक्त त्याच्या शेजारी जाऊन पडले. येत्या महिन्यात मॅट घातली की तिथं कुणालाच माती लागणार नाही, ना पायाला ना पाठीला, आणि तेव्हा कदाचित आपण दोघं सारखेच उंबऱ्याबाहेर. मला तुमची क्षमा नको आहे. सदरा अजून धुतला नाही, पाठीकडची माती तशीच आहे, मशीनवर घडी घालून ठेवलाय. हे कागदही त्याच्याच आत घालून ठेवणार, दुसरीकडे कुठं धाडणार.

एकच राहिलं. परवा ती बाई नातीकडून विचारत होती की शेवटी तुमचा चेहरा असा कसा झाला, हा चेहरा मी कुणाला शिकवू शकले नाही, हा कुठून आणलात. ओझं डोक्यावरून उतरवून ठेवल्यावर होतो तसा, म्हणाली, तोंड जरासं उघडं, डोळे आभाळात. मी म्हटलं, माहीत नाही. माहीत आहे. दसऱ्याला तुम्ही पडलात तेव्हा लगेच उठला नाहीत. दोन श्वास जास्त पडून राहिलात. वर एक घार फिरत होती, तिच्याकडे बघत होतात, आणि मी तुम्हाला तेवढं सुखात आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तुम्ही विचारलंत, पाहिलंस का, आणि मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं होतं. ऊन माझ्या पाठीमागे होतं, अप्पा.